तेल सांडल्यावरचे पहिले बारा तास

"भारताच्या समुद्रकिनाऱ्याची लांबी किती?" हा प्रश्न शाळेत हमखास यायचा आणि आपण ७,५१६ किलोमीटर असं पाठ केलेलं उत्तर लिहायचो. सरकारने अलीकडे नव्या पद्धतीने मोजणी केली तेव्हा हाच आकडा ११,०९८ किलोमीटर निघाला. किनारा काही वाढला नाही. खाड्यांचे वाकडेतिकडे कोपरे आता जास्त बारकाईने मोजले गेले, इतकंच. पण शाळेत कुणी न विचारलेला एक प्रश्न आहे. या किनाऱ्याजवळ एखाद्या जहाजातून तेल सांडलं तर सगळ्यात आधी काय करायचं, आणि ते कोण करणार?

प्रश्न लांबचा वाटेल, पण नाही. आपल्या देशाला लागणाऱ्या कच्च्या तेलापैकी ८५ टक्क्यांहून जास्त तेल बाहेरून येतं, आणि ते समुद्रातूनच येतं. शिवाय जे जहाज तेल वाहत नाही, खेळणी किंवा कोळसा वाहतं, त्याच्याही टाक्यांमध्ये स्वतःच्या इंजिनासाठी शेकडो टन, कधी हजारो टन जड तेल भरलेलं असतं. तेव्हा "टँकर नाही ना, मग घाबरायचं कारण नाही" हे म्हणणं काही खरं नाही.

मी मेकॅनिकलची. मिनी प्रोजेक्टसाठी आमच्या ग्रुपने पाण्यावरचं तेल उचलणाऱ्या डिस्क स्किमरचं छोटं मॉडेल केलं. त्या निमित्ताने जे वाचलं आणि ज्यांना विचारलं, ते तुमच्यापुढे मांडते आहे.

मुंबईच्या तोंडाशी

७ ऑगस्ट २०१०. ऐन पावसाळा. मुंबई बंदराच्या तोंडाशी 'एमएससी चित्रा' आणि 'खलिजिया-३' या दोन जहाजांची टक्कर झाली. 'चित्रा' हे कंटेनर जहाज, म्हणजे टँकर नव्हेच. ते एका बाजूला कलंडलं, शेकडो कंटेनर समुद्रात पडले आणि जवळपास ८०० टन इंधन तेल पाण्यात गेलं. तरंगणाऱ्या कंटेनरवर दुसरी जहाजं आपटू नयेत म्हणून मुंबई आणि जेएनपीटी या दोन्ही बंदरांची वाहतूक काही दिवस बंद ठेवावी लागली. तेल मात्र कुणासाठी थांबलं नाही. ते उरण, घारापुरी, मांडवा, अलिबागच्या बाजूला किनाऱ्याला लागलं, तिवरांच्या मुळांमध्ये जाऊन बसलं.

त्या वर्षी नारळी पौर्णिमा २४ ऑगस्टला होती. समुद्राला नारळ वाहून नवा हंगाम सुरू करायचा आणि त्याआधी सतराच दिवस पाण्यावर काळा तवंग! बाजारात मासळीला गिऱ्हाईक कमी झालं ते वेगळंच.

जवळपास एक वर्षाने, ४ ऑगस्ट २०११ ला, 'रॅक कॅरियर' नावाचं कोळशाचं जहाज मुंबईजवळच बुडालं आणि त्याच्या टाक्यांमधलं तेल गळायला लागलं. त्या प्रकरणी राष्ट्रीय हरित लवादाने जहाजमालकाला १०० कोटी रुपये भरायचा आदेश दिला, तो २०१६ मध्ये. म्हणजे पाच वर्षांनी.

तर्री आणि तवंग

आता थोडं सायन्स. घाबरू नका, व्हायवा घेत नाही.

आपल्या मेसमध्ये मिसळ असते त्या दिवशी वाटीकडे नीट बघा. वर तर्री असते. ती एका जागी थांबत नाही, सगळ्या वाटीभर पसरते. समुद्रावरचं तेलही तेच करतं, फरक एवढाच की समुद्राला वाटीच्या कडा नाहीत. एक टन तेल म्हणजे साधारण एक घनमीटर. ते मिलिमीटरच्या दहाव्या भागाइतक्या जाडीने पसरलं तर १०,००० चौरस मीटर, म्हणजे एक हेक्टर व्यापतं. 'चित्रा'चे ८०० टन याच हिशेबाने ८ चौरस किलोमीटर होतात. जितका उशीर तितका थर पातळ, आणि पातळ थर उचलणं तितकंच अवघड.

दुसरी गोष्ट म्हणजे तेल सरकतं. पाण्याच्या प्रवाहाबरोबर ते पूर्ण वेगाने जातं, आणि वर वाऱ्याच्या वेगाच्या साधारण ३ टक्के वेग आणखी मिळतो. पावसाळी वारा २० नॉटचा धरला तर नुसत्या वाऱ्याने ०.६ नॉट. दहा तासांत ६ सागरी मैल, म्हणजे ११ किलोमीटर. अपघात रात्री झाला आणि मीटिंग सकाळी भरली, तर मीटिंग संपेपर्यंत तेल किनाऱ्याला लागलेलं असू शकतं.

तिसरी गोष्ट सगळ्यात वाईट. लाटांनी घुसळून जड तेलात पाणी मिसळतं आणि घट्ट तपकिरी लगदा तयार होतो. त्यात पाण्याचं प्रमाण ८० टक्क्यांपर्यंत जाऊ शकतं. म्हणजे १०० टन तेल सांडलं, तर उचलायला ५०० टन माल! आमच्या मॉडेलवर आम्ही हे करून पाहिलं. जळकं इंजिन ऑइल टबात ओतलं, तेव्हा डिस्कने ते छान उचललं. मग तेच तेल मिठाच्या पाण्यात घालून खूप वेळ घुसळलं, तर श्रीखंडासारखं झालं आणि आमची छोटी मोटर दमली. खऱ्या समुद्रातही पंप असेच दमतात.

बांध घालायचा, पण तिरका

तेल अडवायला 'बूम' वापरतात. बूम म्हणजे तरंगता बांध. वर हवेने किंवा फोमने भरलेली नळी, खाली पाण्यात लोंबणारा पडदा. बूमने तेल एका कोपऱ्यात गोळा करायचं आणि स्किमरने दुधावरच्या साईसारखं वरच्या वर काढून घ्यायचं. ऐकायला सोपं वाटतं.

पण प्रवाह बूमवर काटकोनात आला आणि त्याचा वेग साधारण ०.७ नॉटच्या पुढे गेला, की तेल पडद्याखालून निसटतं. बूम कितीही महागाची असो. आपल्या खाड्यांमध्ये भरती-ओहोटीला प्रवाह यापेक्षा सहज जास्त असतो. मग करायचं काय? बूम तिरकी लावायची, म्हणजे तिच्यावर काटकोनात येणारा वेग कमी होतो. फर्स्ट इयरचीच ट्रिग्नोमेट्री! प्रवाह २ नॉट असेल तर साइन थीटा = ०.७ भागिले २, म्हणजे कोन साधारण २० अंश. आता २०० मीटर रुंद खाडीचं तोंड अडवायला २०० मीटर बूम पुरेल का? नाही. २०० ला साइन थीटाने भागा, जवळपास ५७० मीटर लागेल. वर सहा तासांनी भरतीची ओहोटी झाली की प्रवाह उलटा फिरणार आणि बूम पुन्हा मांडावी लागणार.

म्हणून "आमच्याकडे इतके मीटर बूम आहे" या वाक्याला फारसा अर्थ नाही. कुठल्या खाडीला, कुठल्या कोनात, कुठल्या खांबाला दोर बांधून, कुणाच्या होडीने ती ओढायची, हे आधी ठरलेलं आणि एकदा तरी करून पाहिलेलं हवं. ते नसेल तर बूम गोदामातच राहते.

तेल पाण्यात विरघळवल्यासारखं बारीक थेंबांत फोडणारी रसायनंही असतात. पण ती तेल ताजं असेपर्यंतच चालतात, लगदा झाल्यावर उपयोग नाही. शिवाय उथळ खाडीत, तिवरांजवळ ती वापरू नयेत, कारण तेच तेल मग खाली कालवं-शिंपल्यांपर्यंत पोचतं. आणि तिवरं? त्यांची मुळं चिखलातून वर येऊन श्वास घेतात. त्यांच्यावर तेलाचा लेप बसला की झाड गुदमरतं. त्यामुळे आपल्या किनाऱ्यावर खरी लढाई एकच : तेल खाडीत शिरण्याआधी अडवणं.

एन्नोरच्या बादल्या

आता चेन्नईला चला. २८ जानेवारी २०१७ ची पहाट. एन्नोरच्या कामराजर बंदराबाहेर 'बीडब्ल्यू मेपल' आणि 'डॉन कांचीपुरम' ही जहाजं एकमेकांवर आदळली. पहिल्या दिवशी बंदराकडून सांगण्यात आलं की तेलाचं प्रदूषण झालेलं नाही. प्रत्यक्षात जड इंधन तेल गळलं होतं आणि ते किनाऱ्याकडे येत होतं. आकडा शेवटी शेकडो टनांच्या घरात गेला. तो काळ ऑलिव्ह रिडले कासवांचा अंडी घालायला किनाऱ्यावर येण्याचा. मेलेली कासवं वाळूवर आली.

गटारं उपसायच्या सक्शन गाड्या आणल्या, पण लगदा इतका घट्ट होता की त्या फारशा चालल्या नाहीत. मग काय केलं? माणसांनी बादल्या घेतल्या. कोळी, तटरक्षक दलाचे जवान आणि आपल्यासारखे कॉलेजचे विद्यार्थी असे हजारो लोक दगडांवर रांगा लावून हातोहात बादल्या पुढे देत होते. ते फोटो बघा. कित्येकांच्या हातात मोजेसुद्धा नाहीत. या तेलात कॅन्सर होऊ शकेल अशी संयुगं असतात, हे त्यांना कुणी सांगितलं होतं की नाही कोण जाणे.

त्या बादल्यांची चेष्टा झाली, पण मला त्यात दोन्ही गोष्टी दिसतात. देशाची तयारी कमी पडली, हे तर आहेच. पण माणसं न बोलावता आली, हेही आहे. मदतीला हात होते. त्या हातांना आधी कुणी काही शिकवलं नव्हतं, काही दिलं नव्हतं. गोळा झालेला लगदा टाकायचा कुठे, हेसुद्धा मागाहून ठरलं. शेवटी खड्डे करून त्यात तेल खाणारे जिवाणू सोडावे लागले.

डिसेंबर २०२३ मध्ये मिचाँग वादळाच्या पुरात एन्नोरच्या खाडीत पुन्हा तेल आलं. यावेळी जहाजातून नाही, मणलीच्या रिफायनरीच्या बाजूने. आणि सुरुवातीच्या दिवसांत होड्यांमधून ते कोण काढत होतं? पुन्हा कोळीच, हातात मग घेऊन.

पाणी एक, कारभारी तीन

आपल्याकडे योजना नाही असं मुळीच नाही. १९९६ पासून तेलगळतीसाठी राष्ट्रीय आपत्ती योजना आहे. तिचा मुख्य समन्वयक भारतीय तटरक्षक दल. योजनेत तीन टप्पे आहेत : ७०० टनांपर्यंतची गळती पहिला टप्पा, ७०० ते १०,००० टन दुसरा, त्यावर तिसरा. पहिल्या टप्प्याची साधनं प्रत्येक मोठ्या बंदराने आणि तेल हाताळणाऱ्या कंपनीने स्वतःकडे ठेवायची.

कामाची वाटणी अशी. बंदराच्या हद्दीत बंदर, बाहेर समुद्रात तटरक्षक दल आणि किनाऱ्याला तेल लागलं की राज्य सरकार, म्हणजे व्यवहारात जिल्हाधिकारी आणि प्रदूषण मंडळ. कागदावर छान आहे. पण तेलाला हद्द कळत नाही. सकाळी बंदराचं असलेलं तेल दुपारी तटरक्षक दलाचं आणि संध्याकाळी कलेक्टर साहेबांचं होतं. प्रत्येक हद्दीवर एक फोन, एक पत्र, एक "आमच्याकडे नाही, तिकडे विचारा". पहिले बारा तास जातात ते इथे.

साधनंही आधीपेक्षा पुष्कळ सुधारली आहेत, हे सांगितलंच पाहिजे. प्रदूषण नियंत्रणासाठी खास बांधलेलं 'समुद्र प्रहरी' हे जहाज ऑक्टोबर २०१० मध्ये, म्हणजे 'चित्रा'नंतर दोन महिन्यांनी तटरक्षक दलात आलं. त्याच्या मागोमाग त्याची भावंडं आली. आता गोवा शिपयार्डने आपल्याच डिझाइनचं 'समुद्र प्रताप' बांधलं, ते ऑगस्ट २०२४ मध्ये पाण्यात उतरलं. हैदराबादची 'इन्कॉइस' ही संस्था वारा आणि प्रवाहावरून तेल कुठे जाईल याचा अंदाज देते. मोठे राष्ट्रीय सरावही होतात.

पण मोठं जहाज खाडीच्या तोंडाशी चिखलात येऊ शकत नाही. शेवटचे दोन किलोमीटर छोट्या होडीचेच. आणि छोटी होडी कुणाकडे आहे?

आमच्या हॉस्टेलवर उरणची एक मैत्रीण आहे, तिचे बाबा तांडेल. त्यांना मी फोनवर विचारलं, तेल आलं की काय होतं? काका म्हणाले, "पोरी, जाळ्याला हे तेल लागलं का जाळं गेलं समजायचं. साबणाने निघत नाय, रॉकेलने निघत नाय." मग थोडं थांबून म्हणाले, "कोणी यायच्या आधी आम्हीच तिथं असतो. पण करायचं काय, ते कोण सांगल?"

मला वाटतं या सगळ्या विषयातला मुख्य प्रश्न हाच आहे.

अलास्काच्या कोळ्यांना हे कुणी सांगितलं?

हाच प्रश्न दुसरीकडे कसा सोडवला ते बघू. २४ मार्च १९८९ ला अमेरिकेत अलास्काच्या प्रिन्स विल्यम साउंडमध्ये 'एक्सॉन वाल्डेझ' हा टँकर खडकावर चढला. सुमारे ३७,००० टन कच्चं तेल सांडलं. योजना त्यांच्याकडेही होती. पाच तासांत साधनं पोचतील असं त्यात लिहिलं होतं. पण साधनं नेणारा बार्ज दुरुस्तीला होता आणि पोचायला बारा तासांहून जास्त लागले. इतका श्रीमंत देश, तरी हे!

पुढच्याच वर्षी त्यांनी नवा कायदा केला. भरलेल्या टँकरबरोबर टग बोटी देणं सक्तीचं झालं. आणि मला सगळ्यात आवडलेली गोष्ट ही : तिथल्या शेकडो मासेमारी बोटींशी आधीच करार केले. त्या बोटींच्या लोकांना दरवर्षी बूम ओढायचं आणि स्किमर चालवायचं ट्रेनिंग दिलं जातं, आणि त्या दिवसांचे पैसे मिळतात. तेल सांडलं तर त्यांना फक्त फोन करायचा. ते आपलीच खाडी वाचवायला येतात, आणि तयार होऊन येतात.

आपल्याकडे हे जमणार नाही असं मला वाटत नाही. आपल्या तांडेलांना खाडीचा प्रवाह कुठल्या तिथीला किती ओढतो हे तोंडपाठ असतं. तिरक्या बूमचा कोन आपण कॅल्क्युलेटरवर काढू, ते नुसत्या नजरेने सांगतील.

मग नेमकं काय हवं?

माझ्या समजुतीप्रमाणे चार गोष्टी, आणि चारही आधी करायच्या.

एक, प्रत्येक महत्त्वाच्या खाडीसाठी एका पानाचा आराखडा. बूम किती मीटर, कुठल्या कोनात, दोर कुठे बांधायचा, भरतीला काय आणि ओहोटीला काय. हे मराठीत छापलेलं आणि मच्छीमार सोसायटीच्या भिंतीवर लावलेलं.

दोन, मच्छीमार बोटींशी आधी करार, वर्षातून एकदा ट्रेनिंग, मोजे-बूट-मास्क आणि त्या दिवसाची मजुरी. सराव स्वच्छ हवेत, पाहुण्यांसमोर झाला तर फारसं कळत नाही. पावसाळ्याच्या तोंडावर, रात्री, ओहोटीला व्हायला हवा, कारण 'चित्रा' ऑगस्टमध्ये आदळलं आणि 'डॉन कांचीपुरम' पहाटे.

तीन, गोळा केलेला माल ठेवायची जागा. १०० टनांचे ५०० होतात हे वर पाहिलं. दहा टनी टँकरच्या पन्नास फेऱ्या झाल्या, वाळू वेगळी. ती जागा आणि तिची परवानगी आधीच हवी.

चार, नोंदी. तेल सांडणाऱ्याने नुकसान भरून द्यायचं हे तत्त्व जगभर मान्य आहे आणि मोठ्या जहाजांचा त्यासाठी विमा असतो. पण विमावाला पहिलं विचारतो, "तुम्ही रोज किती मासळी धरत होता? कागद दाखवा." मे २०२५ मध्ये 'एमएससी एल्सा-३' हे जहाज कोचीजवळ बुडालं. ६४० कंटेनर, त्यातल्या १३ मध्ये धोकादायक माल, टाक्यांमध्ये साडेचारशे टनांच्या आसपास इंधन. प्लॅस्टिकचे बारीक मणी केरळच्या वाळूवर पसरले. केरळ सरकारने ९,५३१ कोटींचा दावा लावला. सरकारकडे वकील असतात. एका होडीच्या मालकाकडे काय असतं? रोजच्या मासळीची वही असेल, तर ती तरी असते.

या चारपैकी कशालाही मोठं जहाज लागत नाही.

आपण काय करू शकतो?

एनएसएसच्या कॅम्पला आपण दरवर्षी झाडं लावतो, रस्ते झाडतो. एखाद्या वर्षी कॅम्प किनाऱ्यावरच्या गावात घेता येईल. सिव्हिलच्या मुलांनी खाडीची रुंदी मोजावी, मेकॅनिकलने प्रवाह मोजून बूमचा कोन आणि लांबी काढावी, कॉम्प्युटरवाल्यांनी मासळीच्या नोंदीसाठी मोबाइलवर चालणारी साधी मराठी वही करावी, केमिकलने तेल हाताला लागलं तर काय करायचं हे समजावून सांगावं. आणि आपल्यापैकी प्रत्येकाने कोळ्यांकडून भरती-ओहोटी शिकून घ्यावी. सरांनी मनावर घेतलं तर फायनल इयरचे दोन-तीन चांगले प्रोजेक्ट यातून नक्की निघतील.

तोवर एवढं तरी लक्षात ठेवा. समुद्रात माणसं संकटात दिसली तर तटरक्षक दलाचा नंबर १५५४. किनाऱ्यावर काळा लगदा दिसला तर हाताने उचलू नका, फोटो काढा, वेळ लिहा आणि लगेच तहसीलदार कचेरीला, पोलिसांना कळवा. उद्या पेपरात येईल तेव्हा बघू, असं म्हणू नका. पहिल्या बारा तासांतला एक तास वाचवणं तुमच्या हातात असू शकतं.

— टी. ई. मेकॅनिकल, मुलींचे वसतिगृह